लाल टिंबाचा कागद

जनावहिनी, तुझ्या नावाचा एक कागद अकरा वर्षं माझ्याकडे पडून आहे. त्यावर नाव तुझं आहे, पण त्यातला दोष तुझा नाही. तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. उद्या खाडीवर तुझं दहावं. सगळ्या आळीसमोर हात जोडून उभी राहण्याआधी तुझ्याशी एवढं बोलून घ्यायचंय, कारण तू होतीस तेव्हा माझी दातखीळ बसलेली होती.

तू मला कधी सुनंदा म्हणाली नाहीस. लग्न होऊन आलीस तेव्हा मी बारावीला होते. माझ्या हातातलं जाडजूड पुस्तक बघून तू विचारलंस, "बाय, ह्या सगला पाठ कराचा?" तेव्हापासून मी तुझी बाय. दादाने बापाची होडी सोडून कारखान्यात कामाला लागून मला शिकवलं, हे गावाला माहीत आहे. पण माझ्या कॉलेजच्या वेळेला डबा तयार असावा म्हणून बाजारात उशिरा जाऊन तू मागची जागा घ्यायचीस, ते कुणाला माहीत नाही. मागच्या जागेवर म्हावरं खपत नाही. मला तेव्हाही ते कळत होतं आणि मी डबा घेऊन निघून जायचे.

शिकून मी खोपटच्या एसटी डेपोसमोरच्या लॅबमध्ये लागले. आमच्या डॉक्टर मॅडम हुशार, फटकळ, आणि एका गोष्टीने झपाटलेल्या. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांत पुरुषाचं बीज नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली मोजून भागत नाही, ते ज्या पाण्यात असतं त्या पाण्यातली प्रथिनंही बघायला हवीत, असं त्यांचं म्हणणं. त्या काळात ठाण्यात असलं काही करणारं दुसरं कुणी मला तरी माहीत नव्हतं. मॅडमनी मुंबईहून शिकून येऊन ते सुरू केलं आणि हाताखाली मला घेतलं.

एकदा माझा विसरलेला डबा द्यायला तू लॅबमध्ये आलीस. टेबलावर नुकतीच रंगवलेली जेल होती, काचेवर पसरलेला पातळ पारदर्शक थर आणि त्यावर निळ्या आडव्या रेघा. "ह्या कं?" म्हणालीस. मी शहाणपणा करत समजावलं की ही प्रथिनं, यात वीज सोडली की ती धावतात, लहान पुढे जातात, मोठी मागे राहतात. माझं वाक्य संपायच्या आत तू हसलीस. "म्हंजे जाल्यावानीच की! बारकी निसटतान, मोठी अरकतान." कॉलेजातल्या सरांना जे सांगायला दोन तास लागले होते ते तू डबा ठेवता ठेवता सांगितलंस. मॅडम आतून ऐकत होत्या. त्या मला म्हणाल्या, "तुझ्या वहिनीला ठेवून घेऊ या का तुझ्या जागी?" मला राग आला. खरंच आला, वहिनी. म्हावरं विकणारी बाई माझ्यापेक्षा हुशार म्हटल्यावर मी दिवसभर फुगून होते.

आता त्या टिंबाचं सांगते.

आमच्या लॅबची एक पद्धत होती. माझ्याआधीपासून चालत आलेली. पुरुषाचा नमुना आला तरी रजिस्टरमध्ये आणि रिपोर्टवर नाव बायकोचं घालायचं. डेपोसमोरची लॅब, अर्धं ठाणं तिथून येणार-जाणार; कुणी रजिस्टर चाळलं आणि एखाद्याचं नाव दिसलं तर तो पुन्हा फिरकायचा नाही, वर चार लोकांना सांगायचा. बायकोच्या नावाची कुणाला काय पडलेली? बायका तर येतातच. फक्त आपल्या माहितीसाठी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईचं एक टिंब द्यायचं. टिंब असलं की नमुना नवऱ्याचा. पाठवणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असायचं. घरच्यांना माहीत नसायचं. एवढ्या मोठ्या विज्ञानाच्या टेबलावर बसून आम्ही रोज हे करत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पुरुषाची लाज झाकायला बाईचं नाव, असंच आपल्याकडे सगळीकडे चालतं.

तुझ्या लग्नाला सहा वर्षं होत आली. मूल नाही म्हणून आयचं तोंड सुटलं होतं. एक दिवस म्हावरं कापताना तू खाली मान घालूनच म्हणालीस, "बाय, म्हावऱ्यान नर कोन्ता न मादी कोन्ती, ता पोट फारल्याबिगर कलत नाय. न मानसान परत्येक येली बायकोचाच पोट बगतान." तुझ्या हातात माशाच्या अंड्यांची गाबोळी होती, सुरीने अलगद सोडवलेली. मी मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, नवऱ्याला आधी आण. दादा आला, माझ्याकडे न बघता बाटली ठेवून गेला. तुझंही रक्त घेतलं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: सौ. जनाबाई दामोदर. दोन ओळी, दोन्ही तुझ्या नावाच्या, एकीपुढे लाल टिंब.

तुझं सगळं व्यवस्थित होतं. दादाच्या नमुन्यात बीज नव्हतं. एकही नाही. तीन वेळा बघितलं, मॅडमनी दोन वेळा. मग त्या म्हणाल्या, जेल लाव.

तू असतीस तर तुला समजलं असतं म्हणून सांगते. बीज शून्य असलेले पुरुष दोन तऱ्हेचे. एकाच्या शरीरात ते बनतच नाही. दुसऱ्याच्या शरीरात बनतं, पण बाहेर यायची वाट कुठेतरी बुजलेली असते. वरून दोघांचा रिपोर्ट सारखाच. पण त्या वाटेवर एक प्रथिन पाण्यात मिसळतं. वाट उघडी असेल तर जेलवर त्याची रेघ दिसते. वाट बंद असेल तर ती जागा कोरी राहते. दादाच्या रकान्यात ती जागा कोरी होती. मॅडमनी काच उजेडात धरली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "सुनंदा, इथे रेघच नाहीये! म्हणजे चांगली बातमी आहे, वेडे. वाट बंद आहे, बीज बनत असणार. खात्री करून घ्यायला लागेल, पण मुंबईला याची ऑपरेशनं होतात. वेळ नका घालवू." त्यांनी रिपोर्टला दुसरं पान जोडलं आणि त्यावर हे सगळं स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

दोन पानं पर्समध्ये घालून मी घरी निघाले. खुशीत होते, वहिनी. शपथ घेऊन सांगते, डेपोपासून खाडीपर्यंत मी तुला कसं सांगायचं तेच जुळवत होते. दादा आळीच्या तोंडाशी उभा होता. माझी वाट बघत असणार. मी त्याला सांगितलं, चांगली बातमीसुद्धा सांगितली. त्याने चांगली बातमी ऐकलीच नाही. शून्य म्हटल्यावर त्याचे कान मिटले. एवढा मोठा माणूस, खाडीत उडी मारून बुडणाऱ्याला काढणारा, माझा हात धरून रडकुंडीला आला. "बाय, घरान सांगू नको. गावान तोंड दाखवाचा कसा? तुना माझी आन हाय."

आणि आणखी एक गोष्ट होती, ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. त्याच महिन्यात माझं लग्न ठरत होतं. तूच जुळवलेलं, तुझ्या माहेरचं, कोपरचं स्थळ. तुझ्या चुलत्याचं घर. मला वाटलं, आमच्या रक्तात दोष आहे असं तिकडे कळलं तर मोडेल. दादाचे उपकार, दादाची शपथ, हे सगळं खरंच. पण तराजूच्या जड पारड्यात माझं स्वतःचं लग्न होतं. तू मिळवून दिलेलं सुख राखायला मी तुलाच विकलं.

घरात आय चुलीपुढे बसली होती. तू पाटावर. आयला वाचता येत नाही, तुला सहीपुरतं येत होतं. आय म्हणाली, "वाच. कोनाचा नाव लिवलाय?"

"वहिनीचं."

"न कं लिवलाय?"

"दोष आहे असं लिहिलंय. मूल होणं कठीण."

मी एकही अक्षर खोटं वाचलं नाही. दुसरं पान मात्र पर्समधून काढलंच नाही. तू पुढे झुकून कागद बघितलास, जणू बघून वाचता येईल. कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलंस, "ह्यो लाल टिकला कं?" मी म्हटलं, "शाई सांडली." मग तू हळूच विचारलंस, "न त्यांचा?" मी मान हलवली. ती कशी हलली, होय म्हणून की नाही म्हणून, माझं मलाही सांगता येणार नाही. तू मात्र समजून घेतलंस की त्यांचं बरं आहे. आणि तुझ्या चेहऱ्यावर सुटका दिसली गं! स्वतःला दोष लागला म्हणून रडायच्या आधी नवऱ्याचं बरं आहे म्हणून तुला बरं वाटलं. हे मी बघितलं आणि तरी पर्स उघडली नाही.

पुढची वर्षं तुला माहीत आहेतच, पण माझ्या बाजूने ऐक. नवऱ्याचं बरं आहे एवढं ऐकून कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी तुला गोळ्या दिल्या, तू सुजलीस. पिशवी साफ केली, परत केली. पोटातल्या नळ्यांचा फोटो काढला तेव्हा दुखतं म्हणून तू माझा हात मागितलास आणि मी दिला. साप राहिला बाजूला, आम्ही भुई धोपटत होतो. आणि साप कुठे आहे ते ठाऊक असलेली मी त्या भुईचा हात धरून, "थोडंच राहिलंय वहिनी" म्हणत होते. दादा बाहेर बाकड्यावर बसायचा. घरी जाताना तुझ्यासाठी शहाळं आणायचा. आम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांकडे बघायचो नाही.

आपलं एकच भांडण झालं. ठाकुर्लीच्या तुझ्या मावशीकडून येत होतो. तू रस्त्यात थांबलीस आणि म्हणालीस, "मना आता नाय कराचा काय. सहा येला झाला. एकदा त्यांना परत बगा." मी काय म्हणाले आठवतं? "वहिनी, तुला काय कळतं त्यातलं?" तुला! जिने माझी जेल एका वाक्यात समजून घेतली होती तिला. डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि चालायला लागलीस. ते भांडण तसंच अर्धवट राहिलंय. त्यात तू बरोबर होतीस, हे म्हणायला मला तुझं मरण लागलं.

मग माझी पिंकी झाली. बारसं आपल्याच घरी. गोपाळ-गोविंद करत पाळण्याखालून पोर द्यायला बायका उभ्या राहिल्या, तू पुढे झालीस आणि आय म्हणाली, "जना, तू मंगारी भाकऱ्यांचा बग." सगळ्यांसमोर. मी खाटेवर बसले होते. माझं बाळ, माझं बारसं. "वहिनीच देईल" एवढे दोन शब्द बोलले असते तर कुणाची हिंमत होती? मी पिंकीचं झबलं नीट करत बसले. तू मागे गेलीस. दुसऱ्या महिन्यापासून सकाळी तिला तुझ्याकडे सोडून, तुझ्याच हातचा डबा घेऊन मी कामावर जायला लागले आणि पिंकी तुझ्याच मांडीवर वाढली. भाकरीचा पापुद्रा दुधात बुडवून तिला तू भरवलास. ती आधी तुझी भाषा शिकली. आज ती घरभर फिरते आणि "माझी मोठी आय कवा येनार?" विचारते. मी तिला काय सांगू?

मॅडम एकदा म्हणाल्या, "तुझ्या दादाचं पुढे काय झालं गं? आता तर ऑपरेशनचीही गरज नाही. सुईने बीज काढतात, एकच पुरतं, ते स्त्रीबीजात टोचतात. वाट बंद असलेल्यांसाठी सोन्याची संधी आहे." तेव्हा तू पस्तिशीच्या जवळ होतीस. वेळ होता. मी दादाकडे गेले. तो म्हणाला, "आता सांगलास तर ती कं बोलंल? गाव कं बोलंल? जावदे." आणि मी जाऊ दिलं. एकदा चूक झाली असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवली नाही. दर वर्षी नव्याने केली.

एक दिवस मात्र असा आहे की त्याचा उलगडा मला होत नाही. पिंकीला घेऊन तू लॅबमध्ये आली होतीस. एक तरुण नवरा नुकताच आपली बाटली ठेवून, तोंड लपवत बाहेर गेला होता. तू दाराशीच होतीस. मी रिपोर्टवर त्याच्या बायकोचं नाव घातलं आणि सवयीने लाल पेन उचलून कोपऱ्यात टिंब दिलं. मान वर केली तर तू त्या टिंबाकडे बघत होतीस. किती वेळ, कोण जाणे. मग पिंकीला कडेवर घेतलंस आणि म्हणालीस, "चल गो, तुझे आयला काम हाय." बस्स. त्यानंतर तू कल्याणला कधी गेली नाहीस. गोळ्या खाडीत टाकल्यास. दोष, मूल, रिपोर्ट, यातला एक शब्दही तुझ्या तोंडून पुन्हा निघाला नाही. माझ्या डब्यात पहिल्यासारखीच गाबोळी येत राहिली. तू ओळखलं होतंस का, वहिनी? ओळखून मला वाढत राहिलीस? का काहीच ओळखलं नव्हतंस, नुसती थकली होतीस? मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. म्हणूनच मी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात मी मॅडमशी भांडून ती पद्धत बंद केली. ज्याचा नमुना त्याचं नाव. चार गिऱ्हाइकं तुटली तर तुटली. मॅडम म्हणाल्या, तुला आजच काय झालं? मी सांगितलं नाही. सगळ्या ठाण्याच्या बायकांची नावं सोडवली, एक तुझं सोडून.

कावीळ डोक्यात गेली आणि तू चार दिवसांत आटोपलीस. तुला हिरवं लुगडं नेसवलं, अहेव मरण म्हणून मळवट भरला. ओटी भरायची वेळ आली तेव्हा आळीच्या कडेच्या घरातली म्हातारी नारळ हातात घेऊन थांबली. म्हणाली, "वांझंची वटी भराची का कशी?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी तिच्या हातातून नारळ ओढला आणि तुझी ओटी भरली. लोकांना वाटलं, नणंदेची माया. माया कसली! तेव्हाही मी तोंड उघडलं नव्हतं. तुझ्या ओटीत तांदूळ घालताना मला माझ्या हातांची किळस आली.

आज सकाळी सुतकातच मी लॅबमध्ये गेले. मॅडम आता येत नाहीत, किल्ल्या माझ्याकडेच असतात. जुनं रजिस्टर काढलं. आमच्याकडे चुकीची नोंद खोडरबरने पुसायची नाही, कागद फाडायचा नाही. चूक वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं, सही करायची आणि दुरुस्त रिपोर्ट पेशंटच्या हातात द्यायचा. मी तुझ्या नावावर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, दामोदर. सही केली. मग नवा रिपोर्ट लिहिला, दोन्ही पानं. वर दादाचं नाव. टिंब नाही.

घरी आणून आधी दादापुढे ठेवला. "मी आज आयला वाचून दाखवणार," म्हटलं. "तुझी आन मी अकरा वर्षं पाळली. जिच्यासाठी ती मोडायला हवी होती ते माणूसच आता उरलं नाही." मला वाटलं होतं तो चिडेल. तो खाली बसला. कागद माझ्याकडे परत सरकवून म्हणाला, "वाच. मना बी बसूदे तितं."

आय ओसरीवर होती. पंच्याहत्तरीची झालीय, ऐकू कमी येतं, पण कागद बघितल्यावर तिने तोच प्रश्न विचारला. त्याच शब्दांत, वहिनी.

"कोनाचा नाव लिवलाय?"

"दादाचं."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी परत सांगितलं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, वाट बंद होती, बीज होतं, मूल झालं असतं, जनाच्यात काहीच दोष नव्हता, हे सगळं. शाई सांडली नव्हती, हेही. आय दादाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. शिव्या देईल, ऊर बडवेल म्हणून मी अंग चोरून बसले होते. तिने डोक्यावरचा पदर ओढून घेतला, बारशाच्या दिवशी तुला जिथे पाठवलं होतं त्या मागच्या दाराकडे बघितलं, आणि म्हणाली, "तिना मी काय काय बोल्लंय."

मग म्हणाली, "उठ. दार उघर. आता मोठ्यान वाच."

मी उठले. आळीत बायका उद्याच्या दहाव्यासाठी पत्रावळी मोजत होत्या, कडेची म्हातारीही होती. दादा माझ्या मागे येऊन उभा राहिला, मान खाली, पण उभा. मी उंबऱ्यात थांबून पहिल्या ओळीपासून वाचलं, नावासकट, आवाज फाटेपर्यंत. सगळ्यांनी ऐकलं, वहिनी. वाचून झाल्यावर मी सवयीने वळून तुझ्या पाटाकडे बघितलं, तुझ्या हातात कागद द्यायला.